अर्धी बादली पाणी

ती काय टाइप करते ते पडद्यावर सगळ्यांना दिसतं.
चुकलं तरी दिसतं. इथला नियमच तसा:
पडदा झाकायचा नाही.
मी प्रोजेक्टर सांभाळतो, म्हणजे
तो तापला की पुठ्ठ्याने वारा घालतो,
आणि मेक्सिको शहरातल्या, पोर्तालेसमधल्या या गॅरेजात
चाळीस माणसं ओदिलियाचे कंस मोजत उभी असतात.

आधी एक साइन लहर. नुसती.
दवाखान्यातल्या फरशीसारखी स्वच्छ, कुणाचीच नसलेली.
वारंवारता दोन हजार आठशे.
मग तिला उतार दिला: सात सेकंदांत खाली ये,
पण धावत नको, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी,
शेवटच्या पायरीआधी जरा थांबून.
हे सगळं आकड्यांत.
आकडे बिचारे सांगितलं तेवढंच करतात.

मागे कुणीतरी हसलं, कारण ओळखलं.
ही शिट्टी न ओळखणारा या शहरात अजून जन्मायचाय:
संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी
चाकांवरची पत्र्याची भट्टी, खाली लाकूड,
वर रताळी, केळी,
आणि वाफ एवढी कोंडलेली की
बाहेर पडायचं तर तिला रडावंच लागतं.

एउसेबियो एकतीस वर्षं ती गाडी ढकलत होता.
ओदिलिया त्याची धाकटी.
शाळेत पोरं तिला शिट्टी वाजवूनच हाक मारायची
आणि ती दप्तर उघडून
काहीतरी शोधायचं नाटक करायची.
हे मला तिने सांगितलेलं नाही.
मी त्या पोरांतला एक.

आता ती गोंगाट मिसळते,
पांढरा, मैद्यासारखा चाळलेला,
चाळणीची भोकं आकड्यांनी लहान-मोठी करत.
ओळ चालवते. शिट्टी होते. जवळजवळ.
पुन्हा. जवळजवळ.
मग एक कंस मिटायचा राहतो; पडद्यावर लाल अक्षरं,
स्पीकर गप्प,
आणि माझ्या पुठ्ठ्याची फडफड
एकदम सगळ्या गॅरेजभर.

एउसेबियो दारापाशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर.
त्याला त्या ओळी वाचता येत नाहीत;
मलाही निम्म्याच येतात.
उजवा कान भट्टीच्या बाजूचा, तो केव्हाच गेला.
त्याने डावा पुढे केला
आणि रस्त्यावर ओरडायचा तसा ओरडला,
"पाणी कमी आहे गं!"

लोक हसले. ती नाही.
ती कर्सर घेऊन वर गेली, कितीतरी वर,
जिथे वाफेचा दाब तिने एका सरळ रेषेत लिहिला होता,
आणि पाठमोरीच विचारलं, "किती?"
"अर्धी बादली.
आणि रात्री उशिरा लाकूड ओलंच मिळतं."

अर्धी बादली म्हणजे किती,
हे मदतीच्या कुठल्याच पानावर नाही.
ओल्या लाकडाला चिन्ह नाही.
तिने शून्य पूर्णांक तीन लिहिलं, खोडलं,
शून्य पूर्णांक चार सहा,
आणि खाली एक ओळ जोडली
जी दर खेपेला फासा टाकते
आणि पडेल तिथे अडखळते.
राहिलेला कंस मिटला.

मग ती आली.
वर चढली, थोडी खोकली,
आणि अशी उतरत गेली की माझा हात
आपसूक खिशातल्या सुट्या पैशांवर.
या भाषेत आवाज, थांब म्हटल्याशिवाय थांबत नाही.
ती म्हणत नव्हती.
तिसऱ्या शिट्टीला एउसेबियो उठला,
पँट झटकली,
पुढच्या गल्लीची वेळ झाली असावी.

पुठ्ठा मी कधी खाली ठेवला, कुणास ठाऊक.
प्रोजेक्टर तापून बंद पडला.
पडदा गेला, ओळी गेल्या, तिची बोटं दिसेनाशी झाली,
शिट्टी मात्र येतच होती, दर वेळी थोडी निराळी,
आणि अंधारातून कुणीतरी म्हणालं,
"माझ्यावर दूध जास्त घाल."